बंद दिव्यांनी संपवलेली बॅटरी

माझ्या छोट्या गाडीत पाय ठेवण्याच्या जागेत आणि डॅशबोर्डच्या खालच्या कडेला मंद उजेड असावा, एवढीच माझी मूळ हौस होती. त्यासाठी मी दोन मीटर एलईडी पट्टी आणि रिमोटवर चालणारा कंट्रोलर आणला, एका सुट्टीच्या दुपारी सगळे बसवले आणि संध्याकाळी घरच्यांकडून कौतुकही करून घेतले. पुढे अठरा दिवस गाडी जागची हलली नाही, आणि अखेर किल्ली फिरवली तेव्हा स्टार्टरने नुसता ‘टक्’ असा आवाज केला. दिवे तर मी आठवणीने बंद केले होते!

मी कंट्रोलरला वीज दिली होती ती सतत चालू राहणाऱ्या तारेतून. रिमोटने पट्टी विझते, पण रिमोटचा पुढचा इशारा ऐकण्यासाठी कंट्रोलर जागाच राहतो. मल्टिमीटर लावून पाहिले, तर सगळे बंद असतानाही तो ४० मिलिअँपिअर प्रवाह ओढत होता. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु दिवसाला तो जवळजवळ १ अँपिअर-तास होतो, आणि माझ्या गाडीची बॅटरी अवघी ३५ अँपिअर-तासांची आहे. गाडीतील घड्याळ, लॉकची यंत्रणा वगैरेंचा स्वतःचा खर्च त्यात मिळवला, की अठरा दिवसांत निम्म्याहून अधिक बॅटरी का रिकामी झाली, याचा हिशेब लागतो.

दुसऱ्या वेळी, बॅटरीची ऋण तार सोडवण्याआधीच, मी फ्यूजच्या पेटीतील एकेक जागा तपासली आणि किल्ली काढल्यावर जिथली वीज खरोखर जाते, असा ॲक्सेसरीचा फ्यूज निवडला. तिथून वीज घेण्यासाठी फ्यूज टॅप नावाचा छोटा जोड मिळतो. मूळ फ्यूज त्यातच राहतो आणि नव्या तारेसाठी शेजारी वेगळा फ्यूज बसतो. हा टॅप उलटा लावला तरी दिवे लागतात, मात्र तेव्हा नव्या दिव्यांचा प्रवाहही मूळ फ्यूजमधून जाऊ लागतो, म्हणून पेटीतील कोणत्या बाजूला वीज येते हे आधी पाहून ठेवावे. माझ्या पट्टीला मीटरमागे ४.८ वॅट लागतात, म्हणजे सगळी मिळून १ अँपिअरही नाही. तेव्हा २ अँपिअरचा फ्यूज पुरला. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी. तो पट्टीजवळ लावला आणि मधल्या तारेचे आवरण एखाद्या धारदार कडेवर घासून निघाले, तर तार तापत राहील आणि फ्यूज शाबूत राहील. म्हणून त्याची जागा वीज घेतो तिथेच.

गाडीचे १२ व्होल्ट हे केवळ नावाचे १२ असतात, हे मला या खटाटोपात नीट उमगले. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारे वीज बनवणारे यंत्र, फिरू लागला की तोच आकडा १४ च्या पुढे जाऊ शकतो. साध्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि प्रवाहाला आवर घालणारा एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन पांढऱ्या एलईडींवर ९ व्होल्टच्या आसपास खर्च होतात आणि उरलेला दाब रेझिस्टरवर पडतो. तिथे ३ ऐवजी ५ व्होल्ट आले, की प्रवाह सुमारे दीडपट होतो. पट्टी अधिक उजळते खरी, पण तापतेही आणि लवकर मरते. मी मध्ये व्होल्टेज कमी करणारे छोटे मॉड्यूल टाकून ते ११ व्होल्टवर स्थिर केले. उजेड किंचित उतरला, आणि पायाजवळच्या दिव्याला तेवढाच शोभतो.

पट्टीचे ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचे असते; ते मी आधी रंगावरच्या बोल्टखाली दाबले होते आणि पट्टी खड्ड्यागणिक लुकलुकत होती. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर गोल टर्मिनल घट्ट आवळल्यावर तो खेळ थांबला. त्यासाठी सीटबेल्टचा किंवा एअरबॅगचा बोल्ट मात्र कदापि वापरू नये. पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये, आणि समोरच्या काचेलगतच्या खांबातून तार नेण्याचा मोह टाळावा. जोड सोल्डर करून त्यांवर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी, नळी चढवली, कारण उन्हात तापलेल्या गाडीत साधी टेप काही महिन्यांत चिकट होऊन सुटते. पट्टी चिकटवणे हे त्यामानाने पोरखेळ: पृष्ठभाग स्पिरिटने पुसायचा आणि पट्टी दाबायची.

गाडीच्या बाहेरून, खालच्या बाजूने दिवे लावण्याचा आग्रह मित्रांनी केला, पण तो मी मानला नाही. पुढे लाल किंवा कुठेही निळा दिवा लावण्यास अनेक देशांत मनाई आहे, आणि चिखलपाण्यात तो वारंवार दुरुस्त करण्याची माझी तयारी नाही.

रात्रीच्या पहिल्या फेरीत एक दोष उरलेला दिसला: डावीकडच्या पट्टीचे ठिपके काचेत उमटत होते, नेमके आरसा पाहताना नजर जाते तिथे. दुसऱ्या दिवशी ती पट्टी दोन बोटे आत सरकवली आणि तिच्यापुढे काळ्या रबराची अरुंद पट्टी लावली. आता उजेड तेवढा दिसतो, दिवे दिसत नाहीत.