आमची वाटचाल : खाडीवरची तर

सावित्रीच्या खाडीवर आमची तर, म्हणजे उतारूंना पलीकडे नेणारी होडी, आजोबांपासून. बाणकोटच्या अंगाने पलीकडे रायगडात रस्त्याने जायचं तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलाचा वळसा, आणि आजोबांच्या वेळी तो पूलही नव्हता. भाडं रोख नसे, झोडणी झाली की घरटी भात यायचं. बाबांनी मचव्याला इंजिन बसवलं, मी दुसरा मचवा पाण्यात उतरवला. बरं चाललं होतं.

मग तो लिलाव आला. तरीचा ठेका ज्याच्याकडे, उतारू त्याचे. धक्क्यावरच्याच एकाने, ज्याला भांगाची मंद भरती कुठली नि उधाणाची मोठी कुठली हे विचारून घ्यावं लागे, दुप्पट बोली लावली. कचेरीतल्या साहेबांनी त्याची होडी न बघता सही ठोकली. होडी भाड्याची, खलाशी रोजावरचे. ओहोटीला गाळात रुतली की बायाबापड्या साड्या खोचून चिखलातून धक्क्याला. आम्ही परवाने, जॅकेटं सगळं बाळगून वर बसून बघायचं! बँकेचे हप्ते काही थांबले नाहीत.

तारलं पलीकडच्या कौल-सिमेंटवाल्या शेठनी. माल त्या ठेक्यात नव्हता. ट्रकवाले दारात उभे असूनही शेठ म्हणत, "घाटात माझी कौलं फुटतात, याच्याकडे फुटत नाहीत." कशी फुटतील? आम्ही ती पेंढ्यात उभी लावतो, आडवी रचत नाही.

रिकाम्या दिवसांत मचवे वर ओढले. बाबांचा वाकस, लाकूड तासायचं हत्यार, अजून धारेला आहे, दांडा तेवढा मी बदलला. कुजकी फळी काढली, सांध्यांत तेलात भिजवलेली कापसाची वात ठोकली, वरून चंद्रूस, म्हणजे राळेचा लेप. ठोक्याचा आवाज खणखणीत आला की सांधा भरला. फायबरवाल्यांना हे सांगून उपयोग नाही.

नव्या पोरांना एक सांगतो. इंजिन जुनं चालेल, शाफ्ट जुना घेऊ नका. आणि उतारूंना एका अंगाला गोळा होऊ देऊ नका. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेंवर माणसं गेली. लाटेच्या माऱ्यात लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली, असं वाचलेले सांगत. वर आषाढातली गटारीची गर्दी.

ठेका पुढे आमच्याकडे परत आला. त्या गृहस्थाने मुदतीआधीच हात वर केले होते. त्या लिलावासाठी भरलेली आमची अनामत मात्र कचेरीतून अजून सुटलेली नाही. पावती जपून ठेवली आहे.