जे नाहीच, त्याचा हिशोब

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चोपड्याला गेलो की थोरले काकाही हेच विचारतात, "जे शेच नई, त्याना हिसाब तू कसा करस रे भाऊ?" मी अतिजड, म्हणजे शंभराहून जास्त प्रोटॉन असलेल्या अणुकेंद्रकांची गणितं करतो. त्यातली बरीचशी आजवर कुणी बनवलेलीच नाहीत.

सुरुवात असलेल्यापासूनच करायची. शिसं-208 घ्या. 82 प्रोटॉन, 126 न्यूट्रॉन, दोन्हींची कवचं (ऊर्जेचे थर) पूर्ण भरलेली, म्हणून केंद्रक भक्कम. अशा ओळखीच्या केंद्रकांची वस्तुमानं आणि त्रिज्या जुळेपर्यंत मॉडेलमधले मोजके आकडे बसवायचे. मग त्यांना हात न लावता तीच समीकरणं पुढे, 114 किंवा 120 प्रोटॉनपर्यंत न्यायची. आपल्याकडचा केळीचा व्यापारी उभी बाग बघून घडाचं वजन सांगतो, तसंच हे. फरक एवढाच, की त्याची बाग कापणीला येतेच.

आता खरी गंमत. न्यूट्रॉनांचं पुढचं कवच 184 ला भरतं, यावर बहुतेकांचं जमतं. प्रोटॉनांवर मात्र भांडण आहे. जुनी मॉडेलं 114 म्हणतात, आमची सापेक्षता सिद्धांतावर उभी असलेली 120 कडे झुकतात. इतक्या जड केंद्रकात ऊर्जापातळ्या खेटून बसलेल्या असतात. एखादा आकडा जरा हलला की मधली फट, जिथे कवच पूर्ण होतं ती, एकीकडे मिटते, दुसरीकडे उघडते. म्हणून एकाच मॉडेलवर छातीठोक बोलणाऱ्यावर माझा तरी भरवसा नाही.

पडताळा मिळतो तो अल्फा कणांतून, म्हणजे केंद्रकातून बाहेर पडणाऱ्या दोन प्रोटॉन-दोन न्यूट्रॉनांच्या गठ्ठ्यांतून. रशियात दुब्नाला कॅलिफोर्नियम-249 वर कॅल्शियम-48 चा मारा करून 118 वं मूलद्रव्य बनवलं. ते मिलिसेकंदही टिकत नाही, पण फुटताना निघालेल्या अल्फाची ऊर्जा मोजता येते. आमच्या हिशोबात ही ऊर्जा अर्धा मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (केंद्रकांची ऊर्जा मोजायचं एकक) चुकली, तर आयुर्मान दहापटीहून जास्त चुकतं. लपायला जागाच नाही.

उपयोग काय, असंही विचारतात. तुमच्या-माझ्या संसारात, काही नाही.

"मंग 184 वालं बनाडतस का नई?" हा काकांचा पुढचा प्रश्न. घोडं अडतं ते इथेच. प्लुटोनियम-244 चे 150 न्यूट्रॉन, कॅल्शियम-48 चे 28, बेरीज 178. त्यातले तीन जुळतानाच उडून जातात आणि 175 वाला फ्लेरोव्हियम (114 वं मूलद्रव्य) हाती येतो, तोही दोनेक सेकंद. उरलेले नऊ न्यूट्रॉन आणायचे कुठून? तेवढे देणारी जोडी आज कुठल्याच प्रयोगशाळेकडे नाही.