कधीच न वाजणारे डिटेक्टर

तक्रार होती सॉल्व्हेंट टँक फार्ममधल्या एका गॅस डिटेक्टरची. पाऊस लागला की तो ओरडायचा. अपरात्री हूटर, सगळे असेंब्ली पॉइंटवर, आणि टाक्यांतल्या टोल्युइनचा, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या सॉल्व्हेंटचा, वास कुठेच नाही. शेवटी ऑपरेटरने वैतागून त्याला पॅनेलवर बायपास केलं आणि आम्हाला फोन आला. रायगड जिल्ह्यातला कारखाना, जुलै महिना. पाणी शिरलं असणार हे मी गाडीतच धरून चाललो होतो.

निघालंही तसंच. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूट-दीड फुटावर बसवलेले. चिखल, शिंतोडे सगळं त्यांच्याच वाट्याला. परमिट हातात आल्यावर सप्लाय बंद करून जंक्शन बॉक्स उघडला. केबल वरून आत घेतलेली, केबल घट्ट धरणारा ग्लँड बोटांनी फिरत होता, टर्मिनलांवर हिरवी पूड. २४ व्होल्टच्या टर्मिनलवरून ओलाव्यातून सिग्नलच्या तारेत करंट झिरपत होता. पॅनेलला ४ मिलीअँपिअर म्हणजे शून्य आणि २० म्हणजे पूर्ण स्केल, एवढंच कळतं. ७.२ ओलांडले की त्याच्या लेखी २० टक्के एलईएल झालं, म्हणजे पेट घेण्याच्या किमान पातळीचा पाचवा हिस्सा. लगेच हूटर. टर्मिनल बदलली, केबल खालून घेतली, मिथेनचा कॅलिब्रेशन गॅस सोडला. ५० टक्के एलईएल यायला हवे होते, ४८ आले. ठीक.

सिलिंडर काढलाच आहे तर पलीकडचे चारही बघून घेऊ, म्हटलं. शिफ्ट इनचार्जना ते रुचलं नाही. ‘‘साहेब, त्यांचा कधी त्रासच नाही. दिवाळीपासून एकदाही वाजलेले नाहीत.’’

ड्रम भरायच्या जागेजवळचा पहिला घेतला. आकडा ३ वर गेला, ५, ६, आणि तिथेच थांबला. मल्टिमीटरवर १२ मिलीअँपिअर दिसायला हवे होते, दिसत होते जेमतेम ५. आधी संशय स्वतःच्या सामानावर घ्यायचा, म्हणून सिलिंडर उचलून दुरुस्त केलेल्या डिटेक्टरला पुन्हा लावला. ४८. म्हणजे गॅस बरोबर. डिटेक्टरची जाळी काढून पाहिली, स्वच्छ. दुसराही तसाच, तिसरा तर शून्यावरून हललाच नाही. चौथा ११ वर अडकला. आणि पॅनेलवर चौघांचेही दिवे हिरवेगार!

त्यात पॅनेलचा दोष नव्हता. या सेन्सरमध्ये दोन तापलेले मणी असतात. एकावर उत्प्रेरक असतो, त्यावर गॅस जळतो, तो जास्त तापतो, आणि दोघांच्या रोधातला फरक म्हणजे रीडिंग. उत्प्रेरक निकामी झाला की दोन्ही मणी सारखेच तापतात, फरक शून्य, करंट ४. तार तुटली तर करंट ४ च्या खूप खाली जातो आणि फॉल्ट दिसतो. इथे तार शाबूत होती. हवा स्वच्छ असल्याचा आणि सेन्सर मेल्याचा सिग्नल एकच.

मग रजिस्टर मागवलं. दर महिन्याला ‘ओके’, खाली सही. तिथल्या तरुण टेक्निशियनला विचारलं, ‘‘अरे, तपासतोस कशाने?’’ त्याने खिशातून सिगारेटचा लायटर काढला. पेटवायचा नाही, नुसता गॅस सोडायचा. ही पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे आणि मला तिचा राग येतो. लायटरमध्ये असतो ब्युटेन. त्याची एलईएल १.८ टक्के, आणि लायटरमधून येतो तो जवळजवळ निखळ गॅस. एवढ्या माऱ्यात अर्धमेला मणीही एकदा उसळी घेतो, अलार्म वाजतो, रजिस्टरात बरोबरची खूण होते. शिवाय विषबाधा झालेला मणी सगळ्यात आधी मिथेनला दाद देईनासा होतो, ब्युटेनला थोडाफार देत राहतो.

बाधा कशाची, ते ड्रम कन्व्हेयरच्या कठड्यावरच ठेवलेलं होतं: सिलिकॉन स्प्रेचा डबा. रोलर करकरतात म्हणून रोज मारायचे. सिलिकॉनची वाफ गरम मण्यावर जळते, सिलिकेचा थर मागे राहतो, उत्प्रेरक झाकला जातो.

नवे सेन्सर येईपर्यंत प्रत्येक शिफ्टला पोर्टेबल मीटर घेऊन एक माणूस उभा केला. ड्रमच्या जागी इन्फ्रारेड डिटेक्टर सुचवले, त्यांना सिलिकॉनची बाधा होत नाही. हायड्रोजनेशन सेक्शनमध्ये मात्र मण्यांचेच ठेवले, कारण इन्फ्रारेडला हायड्रोजन दिसतच नाही. कोटेशन गेल्यावर पर्चेसचा फोन आला: तक्रार एका डिटेक्टरची होती, मग तुम्ही पाच का लावलेत?