स्की घेताना आधी वजन सांगावं लागलं

गुलमर्गला उतारावरचं स्कीइंग शिकले, तेव्हा मापाचा प्रश्न झटकन सुटला होता. भाड्याने देणाऱ्या भाईंनी स्की शेजारी उभी केली, टोक हनुवटीपर्यंत आलं, झालं. काठी उलटी धरायला लावून कोपर काटकोनात येतं का एवढं पाहिलं.

ऑस्लोला राहायला आले आणि ते ज्ञान फारसं कामी आलं नाही. इथे बहुतेकांकडे असते ती क्रॉस-कंट्री स्की: लांब, अरुंद, टाच मोकळी ठेवणारी. सपाटीवर आणि चढावरही आपल्याच पायांनी चालवायची.

दुकानात उंची सांगितली, १५८ सेंटिमीटर. विक्रेती म्हणाली, "आणि वजन?" मागे रांग होती. ६४ किलो मी शक्य तेवढ्या हळू सांगितले, तर पुढचा प्रश्न, "जाड कपडे आणि पाठीवरची सॅक धरून?"

कारण तिने तिथेच दाखवलं. स्की जमिनीवर ठेवली की मधला भाग उचललेला राहतो, कमानीसारखा. दोन्ही पायांवर भार सारखा असताना कमान थोडी शिल्लक राहते आणि स्की घसरते. एका पायावर सगळा भार देऊन खाली दाबलं की कमान पूर्ण बसते, मग पायाखालची मोहेरची (अंगोरा शेळीच्या लोकरीची) केसाळ पट्टी बर्फ पकडते आणि पुढे रेटा मिळतो. स्की वजनाच्या मानाने ताठ असेल, तर पट्टी बर्फाला टेकतच नाही आणि चढावर पाय मागे सरकतात. मऊ असेल, तर पट्टी सतत घासते आणि उतारावरसुद्धा ढकलत न्यावं लागतं.

परीक्षा कागदाची. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर उभी राहिले, तिने पायाखालून कागद सरकवला, तो सहज पुढेमागे गेला. मग एका स्कीवर सगळा भार. आता कागद हलेना. लांबीचा ढोबळ हिशेब आहेच, उंचीत साधारण २० सेंटिमीटर मिळवायचे. पण शेवटचा शब्द कागदाचा. नवरा माझ्याहून जेमतेम चार बोटं उंच, वजन मात्र ८५. त्याची स्की माझ्यापेक्षा थोडीशीच लांब, पण इतकी ताठ की मी तिच्यावर उभी राहिले तर कागद खुशाल फिरतो. अदलाबदलीचा बेत तिथेच बारगळला.

काठ्यांना वजनाशी घेणंदेणं नाही. क्लासिक पद्धतीला (दोन्ही स्की समांतर ठेवून चालायची ती) उंचीच्या साधारण ८३ टक्के, म्हणजे मला १३१. काठ्या पाच-पाचच्या टप्प्याने मिळत होत्या, म्हणून १३०. बूट घालून उभं राहिलं की खांद्याच्या जरा खाली येते. स्पर्धांमध्ये तर २०१६-१७च्या हंगामापासून ही ८३ टक्क्यांची मर्यादा नियमच आहे, कारण लांब काठ्या घेऊन खेळाडू पायांचा रेटा सोडून नुसत्या हातांच्या जोरावर शर्यत काढू लागले होते. स्केटिंग पद्धतीला (स्की तिरकी बाहेर रेटत जायची ती) काठी हनुवटीच्याही वर लागते, पण त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

मुलाच्या वेळी मात्र वाद झाला. "वाढत्या अंगाची घेऊ, दोन हिवाळे निघतील," हे आमचं दोघांचं एकमत, आणि विक्रेती ठाम नाही म्हणाली. लांब स्की मुलाला वळवता येत नाही, आणि वजन कमी असल्याने ती दबतही नाही. त्याला उंचीपेक्षा किंचितच लांब जोडी दिली, तीही वापरलेली. पुढच्या हिवाळ्याआधी शाळेतल्या अदलाबदलीच्या बाजारात ती देऊन मोठी घ्यायची, असं ठरलंय.