आमची मनीमाऊ व्याली!

पहाटे साडेचारला कपाटातून कसलातरी बारीक आवाज आला म्हणून टॉर्च मारून बघितलं तर माझ्या जुन्या स्वेटरवर मनी आडवी पडलेली आणि पहिलं पिल्लू बाहेर, ओलं, पातळ पिशवीत गुंडाळलेलं. मी नुसतीच बघत बसले. तिने पिशवी फाडली, खसाखसा चाटलं, नाळ दाताने तोडली आणि मग चक्क वार (पोटात पिल्लाला नाळेने जोडलेली असते ती) खाऊन टाकली!! (मला कसंतरीच झालं, खरं सांगते.) पण साधारण ६३-६५ दिवस त्या पिल्लाचं जेवण, प्राणवायू सगळं त्या वारेतूनच तर चालू होतं, आणि तरी आईचं रक्त पिल्लाच्या रक्तात मिसळत नाही, मधल्या पातळ पडद्यातून नुसती देवाणघेवाण.

एकूण चार झाली. डोळे बंद, कान मिटलेले, तरी वास काढत सरपटत बरोब्बर दुधापाशी पोचली आणि इवल्याशा पंजांनी पोट दाबत चुटूचुटू सुरू.

मग काय, ऑफिसला दांडी आणि दिवसभर मोबाईलवर हेच वाचन. कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा १ ग्रॅमपेक्षाही हलकं, बाकी सगळी वाढ पिशवीत दुधावर, आणि थोरलं-धाकटं अशी दोन असली तर एकाच आईच्या दोन सडांतून वेगवेगळं दूध! प्लॅटिपस (तो बदकासारख्या चोचीचा सस्तन प्राणी) तर अंडी घालते, वर तिला सडच नाहीत, दूध कातडीतून पाझरतं. हत्तीण बिचारी जवळजवळ २२ महिने पोटात वागवते..

आत्ता सगळी ढीग करून झोपलीत. तो काळा बारका मात्र सारखा ढकलला जातोय, मी दोनदा हळूच उचलून परत दुधाला लावला तर मनी माझ्यावरच गुरकावली.