आमच्या तालमीचा स्नेहमेळावा आणि त्या अकरा सुपाऱ्या

तुळशीची लग्नं झाली की आमच्या तालमीच्या ग्रुपवर मेसेज येतोच, रविवारी संध्याकाळी पाच वाजता वार्षिक स्नेहमेळावा, सर्वांनी वेळेत यावे. आणि मला दरवर्षी तेवढाच आनंद होतो. सात वर्षाचा होतो तेव्हापासून जातोय मी, आधी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून, मग खेळाडू म्हणून, आणि आता सतरंज्या टाकायला आणि उचलायला. आज त्रेपन्न पूर्ण झाली. लॉकडाऊनचं ते एक वर्ष सोडलं तर एकदाही चुकवलेला नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना एक गोष्ट कळत नाही, की फुटबॉलच्या टीमला तालीम का म्हणतात. तर आमच्याकडं पेठ म्हटली की तालीम आली. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला एवढं बळ दिलं की गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या आणि पुढं त्याच तालमीतली पोरं सकाळी लाल मातीत जोर मारून संध्याकाळी बॉलच्या मागं पळायला लागली. गणपती तिथंच, कुस्ती तिथंच, फुटबॉल पण तिथंच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही मोठी नावं, यांची मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. आमची तालीम त्या मानाने लहान. पंचगंगेच्या बाजूला उतारावर, खाली कुस्तीचा लाल मातीचा हौदा, वर हॉल, बाहेर मारुती. पण आमचं पण पोरगं केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगमधे उतरतं तेव्हा पेठेतल्या बायका सुद्धा गॅलरीत उभ्या राहून स्कोअर विचारतात.

मेळाव्यात सुरुवातीचं काय असतं ते सगळ्यांना माहिती आहे. मारुतीला नारळ, शाहू महाराजांच्या फोटोला हार, प्रास्ताविक, अहवाल, जमाखर्च, दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार, पाहुण्यांचं भाषण. दीड तास जातो. मग नव्या जर्सीचं वाटप. मी या सगळ्याला नावं ठेवत नाही, करावंच लागतं, पण मी ज्याच्यासाठी जातो ते याच्या नंतर असतं.

जर्सी वाटून झाल्या की आमचे गोली आजोबा उठतात. पहिल्या टीमचे गोलकीपर, आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. भाषण वगैरे त्यांना जमत नाही, माईक पण नको म्हणतात. ते स्टेजवरच्या टेबलापाशी जातात, पानसुपारीचं तबक पुढं ओढतात आणि त्यातल्या अख्ख्या सुपाऱ्या एक एक करून टेबलावर मांडायला लागतात. आधी पुढं पाच. राइट औट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट औट. प्रत्येक सुपारीला नाव, तो कुठं राहायचा, काय काम करायचा, कुठल्या पायानं मारायचा. त्याच्या मागं तीन हाफ, म्हणजे मधली फळी, त्याच्या मागं दोन बॅक, बचावाचे. तेव्हा अशीच टीम लावायचे, दोन-तीन-पाच, आताच्या पोरांना चार-तीन-तीनच माहिती. एक एक सुपारी ठेवताना त्यांची बोटं बघावीत. उजव्या हाताचं मधलं बोट पेरातून वाकडं बसलंय, करंगळी सरळ होत नाही. हातमोजे कुणाला माहिती होते, आणि बॉल तो कातड्याचा, आत ब्लॅडर, वर वादी बांधलेली. पाऊस झाला की पाणी पिऊन दगडासारखा व्हायचा. वादी कपाळावर लागली की आठ दिवस वळ राहायचा असं ते सांगतात आणि प्रत्येक वर्षी कपाळावर नेमकं त्याच जागी बोट ठेवतात.

त्यांच्या सांगण्यात बुटाची गोष्ट यायलाच पाहिजे. सुरुवातीला सगळे अनवाणीच खेळायचे, घोट्याला कापडाची पट्टी गुंडाळून. देशातच तसं होतं म्हणा, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधे आपली बरीच पोरं बिनबुटाची खेळली आणि फ्रान्सकडून २-१ नं थोडक्यात हरली. १९५२ ला हेलसिंकीत मात्र युगोस्लाव्हियानं १०-१ असं धुतलं आणि त्यानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. ते वारं आमच्या पेठेपर्यंत पोचलं तेव्हा तालमीकडं बूट एक पण नव्हता. मग वर्गणी काढली, चप्पल लाईनीतल्या, म्हणजे चपलांच्या बाजारातल्या, एका मामांनी जुने बूट गोळा करून त्याला खालून कातड्याचे स्टड खिळ्यानं ठोकून दिले, मजुरी घेतली नाही. तरी जोड झाले दहा आणि खेळणारे अकरा. सरावाच्या मॅचला एक जोड दोघांत वाटून घ्यायचा ठरलं, गोली आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ. थोरले लेफ्ट हाफ, डावखुरे. "त्यानं डावा नेला, मी उजवा," आजोबा एवढंच म्हणतात. गोल किक उजव्यानं मारायची ना. दुसऱ्या पायाला दोघांच्याही पट्टी.

ते थोरले शाहू मिलमधे होते. मिलचा भोंगा झाला की तसेच पळत मैदानावर यायचे, डोक्यात आणि भुवयांत कापसाचा भुगा अडकलेला असायचा, आणि आजोबा गोलमधून ओरडायचे, "दादा, आधी डोकं झाड की." आता भोंगा पण नाही आणि थोरले जाऊन तीसेक वर्षं झाली. आजोबा सुपाऱ्या मांडताना लेफ्ट हाफची जागा मोकळी ठेवतात. स्वतःची, गोलीची, सुपारी मांडून झाल्यावर शेवटी ती ठेवतात. त्या आधी ती काही वेळ मुठीतच असते. बोलत काहीच नाहीत. त्या वेळी हॉलमधे पंख्याचा आवाज ऐकू येतो आणि मला अजून पण गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं होतं, इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

२०१९ च्या महापुरानंतर तर या सुपाऱ्यांना फारच किंमत आली. ऑगस्टमधे पंचगंगेचं पाणी हौद्यात शिरलं ते पार जिन्यापर्यंत चढलं. रजिस्टरं, जुनी शील्डं, सगळं चिखलात. जिन्यात लावलेला पहिल्या टीमचा एकमेव फोटो पाण्यात गेला. फोटो स्टुडिओवाल्या दादांनी फ्रेम उघडून, एक एक कोपरा वाळवून जमेल तेवढा वाचवला, पैसे देऊ केले तर रागावले. पण फोटोची एक बाजू पांढरी पडली ती पडलीच. तिथं तिघंजण उभे होते, त्यात लेफ्ट हाफ. आज फोटोत आठच चेहरे आहेत. अकरा पुरे होतात ते फक्त आजोबांच्या टेबलावर.

आणि म्हणून मला राग येतो, तो आज लिहूनच टाकतो. मॅचला हजारांनी माणसं येतात. मेळाव्याला मी शंभर खुर्च्या मांडतो आणि चाळीस रिकाम्या उचलतो. नवी पोरं जर्सी हातात पडली की जिन्याच्या दारात जाऊन उभी राहतात, फोटो काढतात, स्टेटस ठेवतात आणि सटकतात. एक माजी कॅप्टन, माझ्या बरोबर खेळलेला, दोन गल्ल्या सोडून राहतो, तीन वर्षं फिरकला नाही. पुण्याला नोकरीला गेलेले बघा, सकाळच्या गाडीनं येऊन रात्रीच्या गाडीनं परत जातात आणि हा दोन गल्ल्या चालत येत नाही. माझं त्याच्याशी भांडण नाही, पण त्या सुपाऱ्यांसमोर त्यानं बसलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ज्या वर्षी तो कॅप्टन होता त्याच वर्षी आजोबांनी त्याला स्वतःच्या हातानं दंडाला पट्टा बांधला होता.

चांगली वर्षं पण लई आठवतात. २०१७ चा मेळावा म्हणजे नुसता जल्लोष. त्याच ऑक्टोबरमधे सतरा वर्षाखालचा वर्ल्ड कप भारतात झाला होता आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या टीममधे होता. फिफाच्या वर्ल्ड कपमधे भारत पहिल्यांदाच, आणि त्यात आपल्या गावचा पोरगा! अमेरिकेकडून ३-० नं हरलो दिल्लीत, पण ती मॅच आम्ही तालमीत पडदा लावून बघितली होती आणि राष्ट्रगीताला अख्खा हॉल उभा राहिला होता. अनिकेत आमच्या तालमीचा नव्हे, तरी मेळाव्यात ज्यानं त्यानं त्याचंच नाव काढलं. आजोबांनी त्या वर्षी सुपाऱ्या मांडून झाल्यावर एक बारावी सुपारी टेबलाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, हा बेंचवर बसलेला नव्हे, हा पुढं गेलेला.

आता ज्यांच्यामुळं हे सगळं होतं त्यांची आठवण, एक पण नाव सुटू नये म्हणून मी दोनदा यादी केली आहे आणि लोकांना आवडत नाही म्हणून इथं नावं न घेता लिहितो. मंडपवाले, जे खुर्च्यांचं भाडं निम्मंच लावतात. पेठेतल्या बचत गटाच्या वहिनी, ज्या दुपारपासून भडंग आणि चहाचं बघतात. पंपवाले मामा, सायकलचं दुकान कधीच बंद झालं तरी हंगामात बॉलमधे हवा अजून तेच भरतात, आणि आमच्या लहानपणी हवा भरायच्या एका सुईचे पैसे घेतले नाहीत. लाँड्रीवाले काका. हौद्याची माती पुरानंतर पाटीनं उपसून काढणारी ती पंधरा-वीस पोरं, त्यातली चार तर दुसऱ्या तालमीची होती, हे विसरायचं नाही. अहवाल दरवर्षी स्वच्छ अक्षरात लिहून देणाऱ्या निवृत्त बाई. आमच्या मुलींच्या टीमला सकाळी सहाला मैदानावर नेणारी ताई, आणि तिच्या सोबत पहारा दिल्यासारखे बसणारे तिचे सासरे. फ्लेक्स फुकट करून देणारा, हार आणणारा, मारुतीचे पुजारी. स्टुडिओवाल्या दादांचं वर लिहिलंच.

गेल्या वर्षीचं सांगतो आणि थांबतो. आजोबांना जिना चढवत नाही आता, दोन पोरांनी खुर्चीत बसवून वर आणलं. जर्सी वाटून झाल्या होत्या, नेहमीसारखी पोरांची गर्दी दाराशी गेली होती. आजोबांनी दहा मांडल्या. अकरावी मुठीतून काढताना हात थरथरला आणि ती टेबलावरून खाली पडली, फरशीवर टणटण करत सतरंजीच्या कडेकडेनं थेट दारापर्यंत गेली. दारात आमचा चौदा वर्षाखालचा एक पोरगा मोबाईल बघत उभा होता. त्यानं न बघताच पाय पुढं केला आणि तळव्याखाली सुपारी धरली, जसा बॉल ट्रॅप करतात तशी. मग खाली बघितलं, एकदम शरमला, उचलून कपाळाला लावली आणि सगळ्यांच्या मधून चालत स्टेजवर गेला.

"आजोबा, हा कुठला?"

"लेफ्ट हाफ," आजोबा म्हणाले. "ठेव तूच. सेंटर हाफच्या डाव्या अंगाला. थोडा मागं. हां."

पोरगा तिथंच टेबलाजवळ खाली बसला, मग त्याच्या मागनं अजून सात-आठ जण आत आले. बुटाची गोष्ट त्या दिवशी आजोबांनी दोनदा सांगितली.

यंदाचा रविवार ठरला की ग्रुपवर येईलच, पाच म्हणजे पाच. आणि बघा, एवढी यादी करून सुद्धा माईकवाल्याचं राहिलंच, आजोबा माईक घेत नाहीत म्हणून त्या दहा मिनिटांत तो स्वतः उठून स्पीकर बंद करतो, खुर्चीचा आवाज पण होऊ देत नाही, त्याचे पण आभार.