आमची वाटचाल : वापरणाऱ्याने कधीच न उघडायचा दिवा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील आमचा गाळा मुळात लेथकामाचा. वडील पितळेचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग जॉबवर्कवर करून देत असत, आणि पाण्याखालच्या दिव्यांशी आमचा संबंध आला तोही दुरुस्तीच्या निमित्ताने. बोटींचे तळ तपासणारे पाणबुडे बंद पडलेले टॉर्च आमच्याकडे आणत. ते उघडले की काच शाबूत, एलईडी शाबूत, सेलही पुष्कळदा शाबूत असे. पाणी शिरलेले असे ते चार्जिंगच्या सॉकेटमधून किंवा बटणाच्या दांडीलगत. सॉकेटला रबरी बूच असते खरे, पण पाण्यातून वर आलेला माणूस ते ओल्या हातांनीच उघडतो, खाऱ्या पाण्याचा थेंब आत राहतो आणि चार्जर जोडताच पिना हिरव्या पडून झडू लागतात. माणसाने अधिक काळजी घ्यावी असे सांगण्यापेक्षा काळजी घेण्याची जागाच दिव्यात ठेवू नये, असे आमच्या मनाने घेतले.

सॉकेट काढून टाकण्यासाठी वायरलेस चार्जिंगचा मार्ग उपलब्ध होता. वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही संस्था २००८ साली स्थापन झाली आणि तिने ठरवलेली ‘ची’ ही पद्धत आज असंख्य मोबाइलमध्ये आहे. चार्जिंग पॅडमधील तांब्याच्या कॉइलमधून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि समोरच्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. मधल्या काही मिलिमीटर प्लॅस्टिकची त्याला आडकाठी होत नाही. धातूची मात्र होते. अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीत भोवरा-प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होऊन सेलपर्यंत जायची ऊर्जा भिंत तापवण्यातच खर्ची पडते. दुसरीकडे एलईडीची उष्णता बाहेर काढायला अ‍ॅल्युमिनियमइतके सोयीचे दुसरे काही नाही. म्हणून आम्ही पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आणि मागचे झाकण पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लॅस्टिकचे ठेवले, आणि कॉइल व सेल यांच्यामध्ये फेराइटचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सेलपासून दूर वळवणाऱ्या पदार्थाचा, पातळ पत्रा घातला. वायरलेस चार्जिंगमध्ये काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जातेच, आणि लिथियम-आयन सेल साधारणपणे ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत असा दंडक आहे. मे महिन्यात बोटीच्या डेकवर ही मर्यादा फार दूर नसते. त्यामुळे प्रत्येक सेलला थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा छोटा भाग, चिकटवलेला असतो आणि तापमान चढले की सर्किट चार्जिंग थांबवते. पाणबुड्याला थोडे अधिक थांबावे लागते, आणि ते योग्यच आहे असे आमचे मत आहे.

बटणाचा प्रश्न याहून अवघड निघाला. मोबाइलच्या पडद्यावरील स्पर्श ओळखला जातो तो बोटामुळे बदलणाऱ्या विद्युतधारितेवरून, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवरून. ही क्षमता ज्यावर अवलंबून असते तो परावैद्युत स्थिरांक पाण्याचा हवेच्या सुमारे ८० पट असतो, शिवाय समुद्राचे पाणी वीजवाहक. त्यामुळे दिवा बुडताच सर्किटला चारी बाजूंनी बोटेच टेकल्यासारखे वाटते. या पद्धतीला सॉफ्टवेअरने कितीही डागडुजी केली तरी समुद्रात भरवसा ठेवता येत नाही, हे स्पष्ट झाल्यावर आम्ही पीझो चकतीकडे, म्हणजे दाबल्यावर वीज निर्माण करणाऱ्या चकतीकडे, वळलो. लॅमिंग्टन रोडवर बझरसाठी मिळणारी, सिरॅमिकचा थर असलेली पितळी चकतीच ती. अ‍ॅल्युमिनियमची भिंत तेवढ्यापुरती आतून तासून पातळ करायची आणि तिच्या आतल्या बाजूस चकती एपॉक्सीने बसवायची. बाहेरून अंगठा दाबला की भिंत अगदी किंचित, डोळ्यांना न दिसण्याइतकी वाकते आणि चकतीत विद्युतभार निर्माण होतो. या चकतीचा एक गुण आमच्या कामासाठी फार मोलाचा ठरला : ती केवळ झटकन होणाऱ्या बदलाला दाद देते. खोल जाताना पाण्याचा दाब सावकाश वाढतो, तेव्हा निर्माण झालेला भार तितक्याच सावकाश ओसरतो आणि दिवा आपोआप चालू-बंद होत नाही. दगडावर आपटून होणारी गडबड टाळण्यासाठी ठरावीक वेळेत दोनदा दाबल्यावरच आज्ञा मानायची, असे सर्किटला शिकवले. हातमोजे घालूनही तो चालतो, हे पाणबुड्यांना विशेष आवडले.

जलरोधकतेबद्दल ग्राहक आयपी ६८ हा, धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी सांगणारा, शिक्का पाहतात. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. ६८ साठी त्याहून कडक अटी असतात, पण खोली आणि वेळ उत्पादकाने जाहीर करायची असते. म्हणून नुसत्या शिक्क्यापेक्षा खोलीचा आकडा विचारावा, असे आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो. दर १० मीटरला साधारण १ वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो. ४० मीटरला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा सुमारे ४ किलोचा भार येतो. आमच्या गाळ्यात हातपंपाचे दाबपात्र आहे. दिव्याचे रिकामे कवच, आत टिश्यू पेपरची घडी घालून, त्यात दाबाखाली ठेवतो आणि मग ती घडी उजेडात धरून पाहतो. ओ-रिंगवर, म्हणजे सांध्यातून पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कड्यावर, आडवा पडलेला एखादा केसही तिथे ओला डाग उमटवतो. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली प्रत्येक ओ-रिंग म्हणूनच भिंगाखाली पाहून, सिलिकॉन ग्रीस लावूनच बसते.

मुंबईच्या पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. जुलैतल्या दमट हवेत दिवा बंद केला तर ती हवा आतच अडकते आणि थंड पाण्यात गेल्यावर काचेच्या आतून दव धरते. गळती नसूनही ग्राहकाला गळतीच वाटते. जोडणीसाठी गाळ्यातला एक कोपरा काचेने बंद करून तिथे हवेतला दमटपणा काढणारा डीह्युमिडिफायर बसवला आहे, आणि प्रत्येक दिव्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी असते.

पाण्यानुसार प्रकाशझोतही बदलावा लागला. मुंबईच्या गढूळ पाण्यात रुंद झोत गाळाच्या कणांवरून उलटा डोळ्यांवर येतो, म्हणून बोटींच्या तळाच्या कामासाठी अरुंद झोताचा दिवा देतो. तारकर्लीला चित्रीकरण करणाऱ्यांना रुंद झोत हवा असतो.

दिव्याचे अंतरंग एपॉक्सीने कायमचे भरून टाकले असते तर आमचे काम निम्म्याने कमी झाले असते. पण सेल कालांतराने दमतोच, आणि त्यापायी चांगला दिवा भंगारात जाणे आम्हांला पटत नाही. मागचे झाकण दोन ओ-रिंगांवर बसवलेले आहे आणि ते गाळ्यातच, खास पान्याने उघडते. सेल बदलताना दोन्ही ओ-रिंग नव्या घातल्या जातात, आणि दिवा पुन्हा दाबपात्रात तपासल्याशिवाय ग्राहकाच्या हाती दिला जात नाही.